दोन चर्चचं एक शेत

आमच्या मंडळींत एक वाक्य बोलायला बंदी घालावी, असं माझ्या नवऱ्याचं, स्टेफानचं, ठाम मत आहे. "वाइस्ट डू नोख?" म्हणजे, "आठवतंय का गं?" केक संपलेला असतो, कॉफीचे कप धुऊन पालथे घातलेले असतात, लोक कोट चढवत असतात आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "वाइस्ट डू नोख, ते बार्लीचं?" झालं! कोट परत खुर्चीवर. तासभर कोणी हलत नाही. सात वर्षांत इतकं काय काय साठलंय, की नवीन माणूस आला तर आधी त्याला पोटभर खायला घालतो. उपाशी पोटी एवढं ऐकवणं बरं नाही!

तुम्हीही नवीनच आहात, तर आधी थोडक्यात. मी वर्षा, मूळची इस्लामपूरजवळची. डार्मश्टाटला शिकायला आले, तिथल्याच एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये चिकटले, स्टेफानशी लग्न केलं आणि ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या त्याच्या गावी राहायला गेले. गाव छोटं, पण चर्च दोन. एक इव्हॅन्जेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट, आणि एक कॅथलिक. आणि या दोन्हींचं मिळून एक शेत.

जमीन हाइनर नावाच्या शेतकऱ्याची. हाइनर सत्तरी ओलांडलेले, बोलणं मोजकं. त्यांनी आपला एक तुकडा या कामाला दिलाय. नांगरणी त्यांची, बाकी राबणं चर्चच्या लोकांचं. पिकेल ते इथेच विकायचं आणि त्यातून इथिओपियातल्या एका दुष्काळी खोऱ्यातल्या लोकांना बियाणं, आणि वाईट महिन्यांत धान्य मिळायचं. गावात त्याला नुसतं "डेअर आकर" म्हणतात. शेत. बस.

*

मी यात पडले ती सासूबाईंमुळे. आम्ही सगळे त्यांना ओमा म्हणतो, म्हणजे आजी. लग्नानंतर काही वर्षं त्या मला निरखत होत्या. मग एकदा म्हणाल्या, "तू शेतकऱ्याची मुलगी ना? मग शनिवारी लॅपटॉप घेऊन काय बसतेस? शेतावर ये."

गेले. हाइनर ट्रॅक्टरखाली शिरून काहीतरी आवळत होते. मी वाकून म्हटलं, "इश बिन वर्षा." म्हणजे, मी वर्षा.

हाइनर बाहेर आले, हात पुसला, आणि हसून म्हणाले, "जेन डोब्री!"

मला कळेना ही कुठली भाषा. घरी आल्यावर स्टेफान पोट धरून हसला. वॉर्सा शहराला जर्मनमध्ये म्हणतात वार्शाउ. हाइनरकडे स्ट्रॉबेरी तोडायला दरवर्षी पोलंडहून माणसं येतात. त्यांना वाटलं, ही वॉर्साची, म्हणून पोलिशमध्ये नमस्कार!

पुढच्या शनिवारी मी स्वच्छ सांगितलं, "हाइनर, मी पोलंडची नाही, भारतातली."

"गेनाऊ," ते म्हणाले. अगदी बरोबर. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी, "जेन डोब्री!"

शेवटी मी हात टेकले. मोबाईलवर बघून पोलिशमधले तीन शब्द शिकले. धन्यवाद, छान आणि थंडी. निघत होतं काम. मग जूनमध्ये खरी पोलिश माणसं आली. हाइनर मला हाताला धरून त्यांच्यापुढे घेऊन गेले. "बघा, तुमच्याकडचीच!"

एक बाई आनंदाने भडाभडा बोलायला लागली. मी माझे तिन्ही शब्द वापरून संपवले. ऊन मरणाचं होतं, तरी "थंडी" म्हणाले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि जर्मनमध्ये विचारलं, "तू नक्की कुठली गं?"

हाइनर शेजारी अभिमानाने उभे होते. काय करणार?

"वार्शाउ," मी म्हटलं.

*

शेतात काय लावायचं यावर सिट्झुंग झाली. सिट्झुंग म्हणजे मीटिंग, पण मीटिंग कधीतरी संपते. इव्हॅन्जेलिकलांना गहू हवा होता, कॅथलिकांना बटाटा. दोन्ही बाजूंनी मुद्दे आले, मातीचे रिपोर्ट आले, एका गृहस्थांनी तर रंगीत नकाशा आणला. दुसऱ्या सिट्झुंगला हाइनर उठले, बाहेर गेले आणि शेताच्या मधोमध चार खुंट्या ठोकून परत आले. "इकडे गहू. तिकडे बटाटा. ठीक?"

मग प्रश्न आला आशीर्वादाचा! पेरणीआधी शेताला आशीर्वाद द्यायचा, तर पहिला कोणाचा? आमच्या पाद्रीणबाई काट्या, माझ्याच वयाची, फ्रँकफुर्टमध्ये वाढलेली. कॅथलिकांचे फादर जोजी, पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. ते दोघं बिचारे एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत होते. भांडत होते ते त्यांचे लोक. कोणी म्हणालं, एकाने गव्हाला द्यावा, दुसऱ्याने बटाट्याला. कोणी म्हणालं, मग पाऊस एकाच बाजूला पडला तर?

हाइनरनी टोपी घातली. "मला पाऊस हवाय. तो कुठल्या खात्यातून येतो ते मी विचारणार नाही. मी ट्रॅक्टर चालू करतो, तोवर काय ते उरका!"

दोघांनी एकदमच दिला. घाईत.

*

फादर जोजी केरळचे. जर्मनीत हल्ली पुष्कळ गावांत असे केरळचे फादर भेटतात. आता आमच्या एवढ्याशा गावात दोन भारतीय, म्हटल्यावर लोकांनी ठरवूनच टाकलं की आमची भाषा एक. मी मराठी, ते मल्याळी. मला त्यांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, त्यांना माझ्या. आम्ही जर्मनमध्ये बोलतो, अडलं की इंग्रजीत.

एक दिवस त्यांच्या चर्चमधल्या एका आजींचा फोन आला. हळूच म्हणाल्या, "फादरचं प्रवचन आम्हाला नीट कळत नाही हो. माणूस सोन्यासारखा आहे, त्यांना वाईट वाटायला नको. तुम्ही तुमच्या इंडियनमध्ये त्यांना विचारून आम्हाला सांगाल का, रविवारी ते काय म्हणाले?"

आता आली का पंचाईत! मी बटाट्याच्या सऱ्या ओढता ओढता विषय काढला. "फादर, तुमची भाषा लोकांना थोडी… म्हणजे उच्चार…"

फादरनी खुरपं खाली ठेवलं. इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याजवळ सरकले. "बरं झालं तू विषय काढलास. मी म्युनिकला दोन वर्षं कोर्स केला, परीक्षेत पहिला आलो. पण हे लोक जे बोलतात ते जर्मन नाही! सहा वर्षं झाली. कन्फेशनला येतात, पापं सांगतात, मला अर्धीसुद्धा कळत नाहीत."

"मग तुम्ही काय करता?"

"सगळी माफ करतो."

*

ज्याची सगळ्यात जास्त फर्माईश होते ते बार्लीचं हे असं.

काट्याला शेतीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण मनापासून काम करायची. एका रविवारी तिने गव्हावर प्रवचन केलं. सुंदर! मातीत पडणारा दाणा, अंधार, अंकुर. आम्ही अगदी गुंगून गेलो. शेवटी तिने वाटेत खुडून आणलेली एक जुडी उंच धरली आणि भरल्या आवाजात म्हणाली, "हा आपला गहू!"

तिसऱ्या बाकावरून हाइनरचा हात वर आला. चर्चमध्ये! पाद्रीणबाई थांबल्या.

"बार्ली आहे ती," हाइनर म्हणाले. "आणि शेजाऱ्याची आहे."

सगळं चर्च हसू दाबून गदगदत होतं, पण तोंडातून आवाज कोणी काढत नव्हतं. काट्या कानापर्यंत लाल झाली. पण हुशार बाई! जुडीकडे बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे. मग आपण प्रार्थना करू या, देव हिचा गहू करो."

"नको, नको!" हाइनर घाईने म्हणाले. "राहू दे तशीच. बार्लीची बिअर होते!"

*

तिसऱ्या वर्षी माझी आई तीन महिन्यांसाठी आली होती. ते वर्ष बटाट्यावरच्या किड्यांचं. पिवळे-काळे पट्टे असलेले गोल किडे, दिसायला छान, पण दोन दिवसांत पाल्याची चाळण करतात. औषध फवारायचं नाही, हे आमच्या लोकांनी आधीच ठरवलेलं. मग काय करायचं? सिट्झुंग!

त्यांची सिट्झुंग चालू असताना आई माझे स्पोर्ट शूज घालून, पदर खोचून, रंगाचा रिकामा डबा घेऊन शेतात उतरली होती. डब्यात साबणाचं पाणी. एकेक किडा चिमटीत धरून आत. ओमांनी बांधावरून हे पाहिलं. घरी गेल्या, बसायला एक बुटकं स्टूल आणि दुसरा डबा घेऊन आल्या आणि शेजारच्या सरीत बसल्या.

आईला जर्मनचा गंध नाही. ओमांना इंग्रजीसुद्धा येत नाही. पण चार दिवस त्या दोघी सकाळी नऊपासून शेतात, आणि बोलणं अखंड! आई मराठीत, ओमा जर्मनमध्ये. मध्येच दोघी हसायच्या. मध्येच एक सुस्कारा टाकायची, की दुसरी मान हलवायची. "विहीणबाई फार समजूतदार आहेत हो," आई मला म्हणाली. "तुझी आई किती शहाणी आहे," ओमा म्हणाल्या.

मला राहवेना. आईला विचारलं, "अगं, एवढं बोलता काय तुम्ही?"

"काही नाही गं. आमच्या सूनबाईंचं सांगत होते. तुझ्या वहिनीचं. चालायचंच."

मग ओमांना विचारलं, "तुम्ही आईशी काय बोलता इतकं?"

ओमांनी डब्याचं झाकण लावलं. "सुनेबद्दल," त्या म्हणाल्या.

सून त्यांना एकच आहे!

*

बांधावरून भांडणं फक्त आमच्या वाळवा तालुक्यात होतात अशी माझी समजूत होती. ओडेनवाल्डमध्येही होतात. फक्त इथे शिव्या देत नाहीत, बोलणं बंद करतात. हाइनर आणि त्यांचा शेजारी फोल्कर अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. कारण काय, तर आमच्या शेताच्या कडेची दोन पावलांची पट्टी. हाइनर म्हणणार माझी, फोल्कर म्हणणार माझी.

एका वर्षी गहू असा आला होता की बघत राहावं. आणि कापणीच्या आठवड्यात हाइनरच्या छातीत दुखायला लागलं. डार्मश्टाटच्या हॉस्पिटलात नेलं, स्टेंट घातला. जिवावरचं टळलं. पण हार्वेस्टर त्यांच्या शेडमध्ये कुलूपबंद, आणि किल्ली त्यांच्याबरोबर, पायजम्याच्या खिशात. दुसऱ्या कोणी मशीनला हात लावलेला त्यांना खपत नाही, म्हणून माणूस किल्ली घेऊन अँब्युलन्समध्ये बसला होता!

शनिवारी अंदाज आला, रविवारी दुपारी वादळ. पिकलेला गहू भिजून आडवा झाला की संपलं. आणि तिकडे इथिओपियातल्या खोऱ्यात दोन वर्षं पाऊस नव्हता. त्यांची पत्रं काट्या आम्हाला वाचून दाखवायची. त्या वर्षी या गव्हाला फार महत्त्व होतं.

रविवारी सकाळी चर्च गच्च भरलेलं. काट्या वर चढली. समोर प्रवचनाचे कागद होते, ते तिने घडी करून खिशात घातले. "आजचं प्रवचन भुकेबद्दल होतं," ती म्हणाली. "पाऊस दोन वाजता येणार आहे. आमेन. बूट घाला!"

बाहेर पडलो तर कॅथलिकही त्यांच्या चर्चमधून निघालेले, फादर जोजी पुढे. पण पोचून करणार काय? विळे चार आणि माणसं साठ! सगळे बांधावर उभे राहून आभाळाकडे बघत होतो. तेवढ्यात खडखडाट ऐकू आला. फोल्करचा हार्वेस्टर. त्याचा स्वतःचा गहू पलीकडे उभाच होता. तो कोणाशी बोलला नाही, कोणाकडे बघितलं नाही, सरळ आमच्या शेतात शिरला.

दीड वाजता शेवटची ट्रॉली छपराखाली गेली. दोनला पाच कमी असताना पाऊस कोसळला. फोल्करचा गहू आमच्या डोळ्यांदेखत झोपला.

आमच्या शेतात मात्र कडेला एक अरुंद पट्टी उभी होती. तेवढीच. मी छत्री घेऊन त्याच्याकडे गेले. "फोल्कर, ते का ठेवलंत?"

"ती जागा वादातली आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी हॉस्पिटलात जाऊन हाइनरना सगळं सांगितलं. ते उशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, "आणि कडेचं?"

"उभं आहे."

"असणारच." त्यांनी डोळे मिटून घेतले. "गाढव आहे. पण प्रामाणिक आहे."

*

आता गेल्या वर्षीचं.

जूनअखेर गारा पडल्या. जेमतेम दहा मिनिटं. गव्हाचा चिखल झाला, बटाट्याचा पाला फाटला, आणि नंतरच्या पावसात बटाटे जमिनीतच सडले. खोदून काढायला गेलो तर वासानेच परत फिरलो. सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

खोऱ्यातल्या लोकांना कळवायला हवं होतं. काट्याने तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. फार लांबलचक, फार रडवी. शेवटी हाइनर म्हणाले, "लिही, गारा पडल्या. तेही शेतकरीच आहेत. कळतं त्यांना." तेवढंच पत्र गेलं.

ऑक्टोबरमध्ये सुगीच्या सणाला तिकडून पाहुणी यायची होती, ते आधीच ठरलेलं. आल्माझ तिचं नाव. पन्नाशीची, उंच, खोऱ्यात स्वतःची शेती करणारी. बरोबर एक दुभाषी मुलगी. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. सणाला चर्चमध्ये वेदीपुढे पिकांची रास मांडतात, ती त्या वर्षी एवढीशी. चार भोपळे, थोडी सफरचंदं.

आल्माझ पुढे गेली. खांद्यावरच्या कापडातून तिने एक पिशवी काढली, चांगली तीन-चार किलोंची, आणि त्या राशीवर ठेवली. मग बोलली. दुभाषी मुलीने सांगितलं, "तुमचं पत्र आम्हाला वाचून दाखवलं. मग प्रत्येक घरातून एक ओंजळ काढली. विमानाने दाणे नेऊ देत नाहीत म्हणाले, म्हणून बायकांनी दळून दिलंय. थोडंच आहे. आमचं यंदा बरं पिकलं."

हाइनर आपल्या बुटांकडे बघत होते. शेवटी फादर जोजीच म्हणाले, "मग जेवायला बसू या."

चर्चशेजारच्या हॉलच्या स्वयंपाकघरात मी पिशवी सोडली आणि वासानेच थबकले. ज्वारी! माझ्या माहेरची ज्वारी म्हणा ना. फ्रिजमध्ये ताक होतं. लसूण, जिरं घरून आणलं आणि मोठ्या पातेल्यात आंबील चढवली. आल्माझने दोन मिनिटं बघितलं आणि माझ्या हातातला डाव काढून घेतला. माझ्या गुठळ्या होत होत्या, आणि ते कळायला दुभाषी लागत नाही.

लोक रांगेत उभे राहिले. ओमा कुठे दिसेनात.

ओमा आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. महायुद्ध संपल्यानंतरच्या उपासमारीत त्या शाळकरी मुलगी होत्या. शाळेत अमेरिकेतून आलेलं सूप मिळायचं, ते वाढणाऱ्या बाईला सगळी मुलं मावशी म्हणायची, आणि त्यांचा धाकटा भाऊ त्याच हिवाळ्यात गेला, एवढं स्टेफानने मला एकदाच सांगितलं होतं. त्यापलीकडे त्यालाही माहीत नाही. ओमा त्याबद्दल बोलत नाहीत.

थोड्या वेळाने त्या आल्या. कोट तसाच अंगावर, केसांना कुठलंसं जळमट लागलेलं, हातात तारेच्या कडीचा पत्र्याचा डबा. पोचे पडलेला. बुडावर खिळ्याने कोरलेलं ओमांचं नाव वाचता येत होतं, "हानेलोरं, दुसरी इयत्ता."

"ओमा, इकडे बाउल आहेत की," मी म्हटलं.

"नको. यात."

रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढे येऊ दिलं. आल्माझने एक डाव वाढला. ओमा हलल्या नाहीत. डबा दोन्ही हातांनी तसाच पुढे धरून उभ्या राहिल्या. आल्माझने त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि दुसरा डाव वाढला, अगदी काठोकाठ.

ओमांनी शाळकरी मुली पूर्वी करायच्या तसा एक गुडघा किंचित वाकवला.

"थँक यू, मावशी," त्या म्हणाल्या.